हरिबांचा आवाज माझ्याजवळ होता

मित्रांनो, तुम्ही लॅपटॉप रोज पाहत असाल, पण त्याच्या पोटातली मी तुम्हाला कधी दिसले नसेन. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपमध्ये माणसं जे काही जपून ठेवतात, ते खरं तर माझ्याजवळ असतं.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. माझ्या आत आरशासारख्या चकत्या आहेत. वीज मिळाली की त्या गरगर फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर लिहिते, लिहिलेलं वाचते. एका लॅपटॉपमध्ये बसून मी नांदूरघाटला शिवकन्याताईंच्या घरी आले. त्यांचे यजमान राधाकिशन लग्नांचं शूटिंग करत आणि शिवकन्याताई घरी त्याची फिल्म तयार करत. हळदीची गाणी, रुसलेले मामा, वरातीतले नाच, सगळं माझ्यावर साठत गेलं. शिवकन्याताईंची फिल्म बघताना कंटाळा येत नाही, असं लोक म्हणत. माझं नाव कुणी घेत नसे, पण मनातून मी सुखावत असे.

मात्र माझी काळजी घ्यायला हवी, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. राधाकिशन लॅपटॉप चालूच बॅगेत टाकत आणि मोटारसायकलवरून नेत. प्रत्येक खड्ड्याला माझ्या आत काहीतरी खरचटे. लॅपटॉप गोधडीवर ठेवला की गरम वारा कोंडून मी तापत असे. हळूहळू मी थकले. लॅपटॉप सुरू होईपर्यंत शिवकन्याताईंच्या भाकरी होऊ लागल्या.

अशातच चौसाळ्याजवळच्या हरिबांच्या मुलीचं लग्न झालं. त्याचं शूटिंग माझ्यावर उतरवलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसून घेतलं. माझ्या संथपणामुळे फिल्म मागे पडत गेली. तेवढ्यात हृदयविकाराच्या झटक्याने हरिबा गेले. त्यांच्या पत्नी तुळजाबाई यांनी निरोप पाठवला, की फिल्म सावकाश द्या, पण त्यांचं बोलणं तेवढं ऐकवा. शिवकन्याताईंनी लगेच लॅपटॉप उघडला. मी नुसती टक-टक करत राहिले.

त्या मला चौसाळ्याला उज्माच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेल्या. उज्माने कान लावून माझा आवाज ऐकला. लॅपटॉप धडधाकट आहे, ही डिस्क तेवढी थकली आहे, हिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, बसवली की तो पुन्हा धावेल, असं तिने सांगितलं.

"लॅपटॉपचं राहू दे, उज्मा," शिवकन्याताई म्हणाल्या. "हरिबाकाका निघतील का त्यातून?"

"आत्ताच कसं सांगू, ताई? हिला झेपंल तेवढंच घेऊ. घाई न्हाई करायची."

उज्माने मला बाहेर काढून वायरीने दुकानाच्या संगणकाला जोडलं. मी तापले की ती काम थांबवी, मी निवले की पुन्हा सुरू करी. जे जे वाचता आलं ते मी दिलं. काही ठिकाणी दांडी पुन्हा पुन्हा फिरली, पण तिथलं काही हाती लागलं नाही. मग नवी एसएसडी लॅपटॉपमध्ये बसली. तिच्यात काहीच फिरत नव्हतं, आवाज नव्हता. लॅपटॉप क्षणात उघडला. मला आनंद झाला, आणि थोडं रडूही आलं.

कन्यादान आणि पाठवणी गेली होती. शिवकन्याताईंनी ते लपवलं नाही. तुळजाबाईंना दुकानात बोलावून त्यांनी आधी तेच सांगितलं आणि माफी मागितली. तुळजाबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. मग राहिलेलं शूटिंग सुरू झालं.

पंगतीचं दृश्य आलं. हरिबा वाढप्यांना म्हणत होते, "ड्रायव्हर लोक जेवले का बगा आधी." मग ते कॅमेऱ्याकडे वळले. "आन् तुमी? सकाळपासून उभे हाय. ठेवा ते मशीन खाली, दोन घास खा."

राधाकिशननी कॅमेरा बंद न करताच खुर्चीवर ठेवला होता. पडद्यावर फक्त मांडवाचं कापड दिसत होतं आणि हरिबांचा आग्रह तेवढा ऐकू येत होता. असे तुकडे शिवकन्याताई नेहमी कापून टाकत.

तुळजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "असंच करायचे बगा. घरी पण असंच," त्या म्हणाल्या. मग शिवकन्याताईंचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, हे कापू नको."

मित्रांनो, आता मी उज्माच्या दुकानात एका फळीवर असते. माझं काम संपलं, याची मला खंत नाही. खंत आहे ती त्या पाठवणीची. तुमच्या माणसांचे आवाज, त्यांचे चेहरे एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त राहू नका. त्यांची दुसरी प्रत आजच काढा. आम्ही थकलो, तरी बाहेरून तसं दिसत नाही.