नेवेन्काच्या छपरावरचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना, राखी रंगाचा पहाऱ्याचा कॅमेरा आहे. इस्त्रिया नावाच्या समुद्राकाठच्या मुलखातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी वर्षानुवर्षे खिळ्यांच्या फडताळावर नजर ठेवली. दुकान बंद झाले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला नेवेन्काने उचलले.

नेवेन्का केस कापते. आकाशाचे शास्त्र ती कुठे शिकलेली नाही. पण तिच्यासारख्या हौशी माणसांनी देशभर छपरांवर कॅमेरे लावले होते. पडत्या उल्कांची चित्रे ते शास्त्रज्ञांना पाठवत. तिने मला नवे भिंग बसवले आणि आपल्या छपरावर तोंड वर करून ठेवले. जन्मभर खाली पाहिलेला मी, तारे पाहून हरखूनच गेलो!

शेजारचे झ्वानेकाका अंगणातून विचारत, "काय गं, वरचे चोर सापडले का?"

"आधी तुमचा दिवा झाका, काका! माझ्या कॅमेऱ्याचे डोळे दिपतात."

"झाकतो! मग अंगणात खेळायला येणारे म्हातारे अंधारात लोखंडी गोळे फेकतील माझ्या पायावर."

"वरून झाका हो. खेळायला खाली उजेड राहू दे."

काका महिनाभर कुरकुरले. मग एके दिवशी स्वतःच शिडीवर चढले आणि दिव्यावर पातेले उपडे बसवले. "पोलेंट्याचं आहे. फुमाला बोलू नकोस," ते म्हणाले. फुमा म्हणजे त्यांची बायको, आणि पोलेंटा म्हणजे मक्याची लापशी.

त्याच शरदात एक मोठा अग्निगोल आकाश उजळीत गेला. बहुतेक कॅमेऱ्यांवर ढग होते. तो मला दिसला आणि दूरच्या एका कॅमेऱ्याला. दोन ठिकाणांहून दिसला, म्हणूनच तो कुठे पडला असेल ते शास्त्रज्ञांना काढता आले. रविवारी शेजारीपाजारी सगळे ऑलिव्हच्या बागेत शोधायला गेले; तिथली गोष्ट नेवेन्काने मला नंतर सांगितली. दुपार टळली, काही मिळेना. नेवेन्काचा चेहरा उतरला. तेवढ्यात फुमाकाकू एका काळ्या दगडाजवळ थबकल्या.

"हाच का गं तो?"

नेवेन्का गुडघ्यांवर बसली. तिने जोरजोरात होकाराची मान हलवली.

"मिळाला ना? मग आता माझं पातेलं कुठंय ते सांगा!"

काका ऑलिव्हच्या झाडामागे सरकले. बाग हसण्याने भरून गेली.

आता माझी नजर अधू झाली आहे. शेजारी नवा कॅमेरा आला आहे. तरी नेवेन्का दोघांच्याही काचा पुसते. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला जरा दुसरीकडे वळवून पाहा. आणि आमची काच पुसत जा. वरून अजून पुष्कळ काही यायचे आहे.