हिरव्या पट्ट्यातलं जेवण

पोतं ओट्यावर आपटलं आणि त्यातून निघालेला रक्ताचा ओघळ भिजवलेल्या मक्याच्या पिठाकडे निघाला. दोमितिलाने परात झटकन बाजूला ओढली.

"दोन आहेत," वनठाण्याचे प्रमुख ओवायेसाहेब हळूच म्हणाले. "लाल रश्शात टाका, दोमितिलाबाई. करारावर सह्या करायला पलीकडच्या देशाचा उपमंत्री येतोय. कोंबडी काय, तो रोजच खातो."

तिने पोत्याचं तोंड उघडलं. तेपेस्कुइन्त्ले. सशाहून मोठा रानप्राणी, तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. रानातलं सगळ्यात चविष्ट मांस, आणि मारलं तर तुरुंग.

"साहेब, हे..."

"जप्तीचा माल आहे. कुजवायचा का मग?"

दोमितिला अकरा वर्षं वनखात्याच्या या ठाण्यावर स्वयंपाक करत होती. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा क्रेसेन्सियो असाच एक प्राणी खांद्यावर टाकून घरी येताना पकडला गेला होता. एकच. जनावरांना सरहद्दीपलीकडे जाता यावं म्हणून दोन्ही देशांनी जो हिरवा पट्टा राखला, त्यात त्यांचं मक्याचं शेत गेलं होतं. घरात दाणा नव्हता. सात महिने त्याला आत ठेवलं. तक्रारीवर सही ओवायेसाहेबांची. तरी ती कामावर येत राहिली. गावात दुसरं काम नव्हतं.

पहिला प्राणी तिने मुकाट्याने सोलला. दुसरा प्राणी म्हणजे मादी निघाली. पोटात पिल्लू होतं, तळहाताएवढं, डोळे मिटलेलं. तिने ते फडक्यात गुंडाळून परसात पुरलं, हात धुतले आणि आत येऊन कांदा चिरायला घेतला. पुढे कित्येक दिवस तिला सगळ्यात जास्त शिसारी आली ती याची, की त्यानंतरही तिने कांदा चिरला.

बाहेर मांडवात भाषणं चालली होती. "जग्वारला पासपोर्ट लागत नाही!" उपमंत्री म्हणाला. टाळ्या पडल्या. रानही राहील, रस्ताही होईल, गावागावांत हॉटेलं येतील, असं तो सांगत होता. मागच्या बाकांवर गावकरी बसले होते. त्यांना जेवण नव्हतं, नुसतं सरबत.

जेवताना उपमंत्र्याच्या हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. हाड चोखत त्याने विचारलं, "वा! काय म्हणायचं हे?"

"डुक्कर, साहेब. जरा जास्तच रानात चरलेलं," ओवाये म्हणाले.

ज्यांना कळायचं ते खदखदून हसले. पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्या परदेशी बाईंना काही कळलं नाही. त्यांनी आणखी एक तुकडा वाढून घेतला.

ताटं उचलायला दोमितिला आली तेव्हा ओवाये भलतेच खुशीत होते. उरलेले तुकडे डब्यात भरून त्यांनी तिच्या हातात दिले. "क्रेसेन्सियोला न्या. त्याला फार आवडतं ना हे!"

कोणीतरी फिसकन हसलं.

दोमितिलाने डब्याचं झाकण काढलं आणि डबा टेबलाच्या मधोमध, सह्या केलेल्या कागदांशेजारी ठेवला.

"तुम्हीच पोचवा, साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझी पिशवी नाक्यावर रोज तपासतात. हे तेपेस्कुइन्त्ले सापडलं तर क्रेसेन्सियोनेच मारलं म्हणून त्याला पुन्हा आत टाकतील. तुमची गाडी कोण अडवतंय?"

चष्मेवाल्या बाईंचा काटा ताटातच राहिला. "काय म्हणाल्या ह्या? कशाचं मांस?" त्या शेजारच्याला विचारू लागल्या. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. उपमंत्री रुमालाने हनुवटी पुसत होता.

ओवाये तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. "उद्यापासून यायचं नाही. कळलं?"

"मी आजही यायला नको होतं," ती म्हणाली आणि एप्रन खुंटीला लावून निघाली.

नाक्यावरच्या पोऱ्याने नेहमीसारखी पिशवी उलटी केली. आत तिची सुरी होती, बाकी काही नव्हतं.

क्रेसेन्सियो दारात बसला होता. ती जवळ येताच त्याला त्या मांसाचा वास आला. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिने हात पुढे केले. तो उठला, दोन लिंबं कापून आणली आणि भोपळ्याच्या तुंब्याने तिच्या हातांवर पाणी ओतू लागला.

"एक मादी होती," ती म्हणाली.

तो ओतत राहिला. मग म्हणाला, "पोटात होतं?"

तिने मान डोलावली आणि पुन्हा हातांना लिंबू घासायला घेतलं.

रांजणातलं पाणी तळाला गेलं, तरी वास जाईना. क्रेसेन्सियोने घागर उचलली आणि तो नदीकडे निघाला. ती तशीच, ओले हात अंगापासून लांब धरून उभी राहिली.