दोन्ही पंखे आत

पंख्याच्या मधल्या बोंडाला गुंडाळलेला तो केस (लांब, निम्मा काळा, निम्मा पांढरा) आकारामने चिमटीत धरून ओढला तेव्हा तुटला नाही. उलगडत, उलगडत आला, आणि त्याच्यामागून जुन्या गादीतला कापूस निघावा तसा धुळीचा लांबच लांब पापुद्रा. शालूबाईचा केस. दुसऱ्या कुणाचा असणार, घरात दुसरं होतं तरी कोण... न्हाल्यावर ती इथेच खिडकीपाशी विंचरत बसायची, टेबलाखाली हा कॉम्प्युटरचा डबा घुंघुं करत असायचा, आणि ह्या मुठीएवढ्या पंख्यानं बायकोचा गळालेला केस आत ओढून घेऊन इतके महिने सांभाळला होता. सांभाळला कसला, केसच तिथे पाय पसरून बसला होता! तरी तो फेकवेना. त्यानं तो पसरलेल्या पेपराच्या कडेवर ठेवला आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून ब्रशने पाती झाडायला लागला.

अकरा वाजता ती दिसणार होती. दर रविवारी दिसायची. तिकडे बेंगलोरला त्यांची लेक स्वप्नाली कॅमेरा लावून आईला खुर्चीत बसवायची आणि आत निघून जायची. मग इकडे हा, तिकडे ती, मध्ये काच. जेवलासा? जेवलो. काय केलतं? आमटी-भात. एवढं होऊन, घसा खाकरून, आता विचारावंच असं मनाशी येईपर्यंत डबा तापायचा, पंखा चढावरच्या रिक्षासारखा बोंब मारायचा आणि खटकन सगळं काळं. पुन्हा चालू करायचं तर डबा निवायला हवा. तोवर तिकडे नातीला भरवायची वेळ. हिवाळा गेला, उन्हाळा लागला, दर रविवारी हेच. विचारायचं होतं ते एवढंसं होतं: कधी येणार? पण पडदा काळा झाला की चरफडता चरफडता छातीत कुठेतरी हायसं वाटायचं, तेही खरं. आज विचारायचं राहिलं, त्यात आपला काय दोष... यंत्रच बंद पडलं.

खरं तर बाळंतपणासाठी लेकीनंच इकडे यायचं. पहिलं बाळंतपण माहेरचं. हे काय सांगायला लागतं? त्यानं डिंक, खारीक आणून ठेवली होती, वरच्या खोलीला रंग दिला होता. आणि स्वप्नाली फोनवर हसत म्हणाली होती, "पप्पा, तुमच्या आवाजानं बाळ झोपायचंच न्हाय की ओ. आईलाच लावून द्या हिकडं." तोही हसला होता. मोठ्यानं हसला होता. शालूबाई एका बॅगेत मावेल एवढं घेऊन रात्रीच्या गाडीनं गेली. आता नात भूमिका बसायला लागली, रांगायला लागली, तिला सांभाळायला बाई लावली, जावयाची आई येऊन राहिली. आणि शालूबाई अजून तिथेच. सातासमुद्रापार असती तर गोष्ट निराळी. रात्रीची गाडी पकडली की सकाळी दारात, एवढंच अंतर. म्हणजे अडवणारं कुणी नव्हतं, काही नव्हतं, आणि नेमकं हेच त्याला दिवसभर घरातून फिरताना टोचत राहायचं. ह्या खोलीतून त्या खोलीत. त्या खोलीतून ह्या खोलीत.

उष्णतेशी वैर तर त्याचं जन्माचं. उद्यमनगरातल्या फौंड्रीत भट्टीवर उभं राहून हाडं भाजून घेतली, आणि हा एवढासा डबा ऐकत नाही म्हणजे काय? म्हणून गेल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या सोमेशच्या दुकानातून जादा पंखा आणला, स्वतः बसवला. आधीचा पाठीमागचाही उलटा करून घेतला. दोन्हीकडून दणकून वारा आत! मागच्या रविवारी मशीन इतक्या लवकर बंद पडलं की "जेवलासा?"चं उत्तरही द्यायचं राहिलं.

सोमेशनं काल डबा उघडून बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "काका, दोन्ही पंखे आत वारा मारत्यात! गरम हवा जायाची कुठनं?"

जायाची कुठनं... घरी येताना, डबा पिशवीत घेऊन, तो तेच घोळवत होता. त्याला सुचलंच नव्हतं. भट्टीवर वारा म्हणजे आग. ब्लोअर लावायचा तो कोळशाचा कोक पेटवायला, लोखंड पातळ व्हायला. गारवा आणायला वारा लावतात, आत आलेल्याला बाहेर जायला वाट ठेवतात, हे त्याच्या हातांना कधी शिकवलंच नव्हतं कुणी. आणि त्या ब्लोअरच्या आवाजात माणसाला हाक मारायची तर बेंबीच्या देठापासून. तोच आवाज घेऊन तो संध्याकाळी घरी यायचा. पाणी दे! शर्ट कुठाय! पोरगी कुठं गेली! यात राग कुठे होता? मी रागावून ओरडलो असं झालं नाही फारसं... फारसं. शालू "व्हय" म्हणायची आणि पाणी आणून ठेवायची. तिचं "व्हय"सुद्धा ऐकू यायचं नाही, ओठ हललेले दिसायचे. मी म्हणायचो, मोठ्यानं बोल की, तोंडात काय गुळणी हाय?

त्यानं मागचा पंखा सोडवला, फिरवून बाहेर तोंड करून बसवला. समोरून आत, मागून बाहेर. प्रोसेसरवर सुकून पापडी झालेली, उष्णता ओढून घेणारी जुनी पेस्ट खरवडली, कापडानं पुसली, आणि सोमेशनं दिलेल्या ट्यूबमधली नवी लावली. पानाला चुना लावतात तशी, हलक्या बोटानं, पातळ. टेबलाच्या ज्या कप्प्यात डबा ढकललेला असे त्याची पाठ प्लायवूडनं बंद होती. सुताराला त्यानंच तसं सांगितलं होतं, वायरी दिसू नयेत म्हणून. ती पाठ करवतीनं कापून काढली. डब्यावर शालूबाईनं विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं, ते घडी घालून कपाटात ठेवलं. मग बटण दाबलं.

आवाज आला नाही. बिघडलं, असं वाटून तो गुडघे टेकून खाली वाकला. पंखे फिरत होते. मागं हात धरला तर तळव्याला ऊब लागली, संथ, निवांत, कुणीतरी श्वास सोडत असावं तशी. पडदा उजळला. आणि घर एकदम इतकं गप्प झालं की स्वयंपाकघरातल्या नळाचं टिपकणं ऐकू आलं. हा नळ कधीपासून गळतोय? इतके महिने सकाळ झाली की तो उगाच कॉम्प्युटर चालू करून ठेवायचा, काम नसताना, ती घुंघुं घरात असावी म्हणून, हे त्याला आत्ता, ती गेल्यावर कळलं. फार एकटं वाटलं त्याला. उठून नळ घट्ट करावा असं वाटलं, पण अकरा वाजले होते.

आधी आवाज आला, चित्र मागाहून. कुणीतरी खळाळून हसत होतं, मध्येच दम लागून थांबत होतं, पुन्हा हसत होतं. स्वप्नालीचं हसणं त्याच्या ओळखीचं होतं. हे ते नव्हतं. मग चित्र आलं तेव्हा खुर्चीत शालूबाई होती, मांडीवर भूमिका, भूमिकेच्या मुठीत आजीचं मंगळसूत्र, आणि हसणं शालूबाईचं होतं. त्याला बघून तिनं ते आवरलं. पदर सारखा केला. तेवढं त्याला नीट दिसलं.

"जेवलासा?"

"जेवलो."

"आवाज न्हाय आज मिशनीचा."

"दुरुस्त केली."

स्वप्नाली येऊन भूमिकेला उचलून घेऊन गेली. तिकडे दार लागलं. एरवी ह्याच सुमाराला पंखा बोंबलायचा. शालूबाईही वाट बघत असावी, कारण ती पडद्याकडे न बघता थोडी बाजूला, खाली बघत होती, आत्ता जाईल, आत्ता जाईल, अशी. म्हणजे तिलाही तेच बरं वाटायचं? हा विचार त्याच्या मनात आला आणि काही केल्या जाईना. त्यानं टेबलाखाली हात नेला. डबा गार होता. नको तितका गार.

"कवा येनार?" तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, शांत खोलीत आपटल्यासारखा, आणि पडद्यावर तिचे खांदे किंचित उचलले गेले... किंचितच. हे खांदे असे उचलले जातात. पाणी आणून ठेवतानाही जात असतील. मी बघितलं कधी?

ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग बोलली, तेव्हा आवाज इतका हळू होता की जुन्या पंख्यात तो ऐकूच आला नसता. "हितं कोन वरडत न्हाय," ती म्हणाली. तक्रार नव्हती, पाऊस नाही पडत म्हणावं, तसं. "झोप लागती."

"मी काय मुद्दाम..." तो म्हणाला आणि थांबला. थांबायची सवय नव्हती, म्हणून वाक्य जिभेवर अर्धंच लोंबत राहिलं.

"मुद्दाम न्हाय. ठाऊक हाय मला." तिनं आता सरळ पडद्यात बघितलं. "तुमी इचारलासा, म्हनून इचारतो. मी तितं हुतो तवा माज्याम्होरं असं बसलायसा काय कवा?"

एवढी वर्षं. तो आठवू लागला. लग्नात, पाटावर, शेजारी. फौंड्रीच्या सत्यनारायणाला, शेजारी. दवाखान्यात, बाकावर, शेजारी. समोर... ताट वाढताना ती समोर यायची, पण तो ताटाकडे बघायचा. काहीतरी सांगता येईल, एखादी खोटी आठवण, ती ऐकून घेईल, ती नेहमीच ऐकून घेते. आणि बोलावलं तर कदाचित येईलही, बॅग घेऊन, रात्रीच्या गाडीनं, आणि पुन्हा "व्हय" म्हणून पाणी आणून ठेवेल. येईल ती. हेच तर हवं होतं. मग तेवढं म्हणवत का नाही?

"न्हाय," तो म्हणाला.

हळू म्हणाला. आपला एवढा लहान आवाज त्याला ओळखू आला नाही. तिनं ऐकलं की नाही कळेना, पण तिचे खांदे तसेच, खाली होते. ती त्याच्याकडे बघत होती आणि काहीतरी बोलायच्या बेतात होती. मोठ्यानं बोल की, असं त्यानं म्हटलं नाही. खुर्ची थोडी पुढं ओढून तो बसून राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, आता ही काय म्हणेल याची त्याला भीती वाटत होती.