डोकं नसलेला मासा

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय आमच्या सासूबाईंना अन्न पचत नाही. त्या दिवशी मी घरून काम करत होते आणि त्या लॅपटॉपपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

मत्स्यव्यवसाय खात्यात देशोदेशीचे आकडे जुळवणं हे माझं काम. समोर मंकफिश या माशाच्या पकडीचा आलेख होता. आमची पकड होती तेवढीच, शेजारच्या देशाची मात्र मध्येच एका वर्षी धाडकन खाली आलेली. त्यांनी मासेमारी आवरली आणि आम्हीच समुद्र ओरबाडतोय, असा वरच्यांचा सूर होता. अहवाल मंजूर झाला की आमच्या जुन्या बोटी बंद, आणि सगळ्यांत जुनी बोट माझ्या दादाची. त्या बोटीच्या जिवावर त्यानं मला शिकवलं, आणि तिला धक्क्याला बांधणारा अहवाल मीच लिहीत होते.

"अगं बाई, हा कुठला राक्षस?" सासूबाईंनी फोटोवर बोट ठेवलं.

"रविवारी तुम्ही दोनदा मागून खाल्लात, तो."

"काहीतरीच! त्या माशाला डोकं नसतं. इतकी वर्षं मी आणतेय, मला नको सांगूस."

"असतं हो आई! निम्म्याहून जास्त वजन डोक्याचंच. धक्क्यावर वजन झालं की कापतात, म्हणून तुम्हाला..."

मी बोलता बोलता थांबले. आपल्याकडे वजन झाल्यावर कापतात. आणि शेजारच्या देशात?

तिथल्या आकडेवाल्याला फोन लावला. "आम्ही बोटीवरच कापतो," तो म्हणाला. "जागा वाचते." कधीपासून, म्हणून विचारलं, तर त्यानं नेमकं तेच वर्ष सांगितलं. "हे आधी का नाही कळवलंत?" मी भडकले. "कुणी विचारलंच नाही," तो शांतपणे म्हणाला.

त्यांच्या आकड्यांत माशांच्या डोक्यांचं वजन परत जोडून आलेख काढला, तर दोन्ही रेषा शेजारी शेजारी निवांत चाललेल्या. बैठकीत बोटबंदी बारगळली.

रविवारी दादा अख्खा मंकफिश घेऊन आला. तो आ वासलेला जबडा बघून सासूबाई किंचाळल्याच.

"तुमच्यामुळे माझी बोट वाचली, आई," दादा म्हणाला.

"माझ्यामुळे? अरे, मी तर साफ चुकीचं बोलले होते!"

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

आता लॅपटॉप उघडला की मी शेजारी दुसरी खुर्ची ओढते आणि हाक मारते, "आई, जरा येता का?"