पोटावरचा माग

मोहाडीच्या घनश्यामच्या बोटांखाली बारीकातलं बारीक सूत निमूट चालायचं. पण सहा महिन्यांच्या पोटच्या पोरीपुढे त्याचं काही चालेना! बायको रत्ना बाळंतपण आटोपून पंधरा दिवसांपूर्वीच माहेराहून, एकोडीहून, परतली होती. बापाने हात लावला रे लावला की पोर, पंचफुला, अख्खी आळी डोक्यावर घ्यायची.

आणि उद्या रत्नाचा भाऊ तेजराम मायलेकींना पुन्हा न्यायला येणार होता, घरच्या लग्नासाठी, चांगलं महिनाभर. मागावरची साडी सोडून घनश्यामला जाता येत नव्हतं. आज पोर हसली नाही, तर परत येईल तेव्हा आपण पुन्हा परकेच, या धास्तीने त्याचा जीव खालीवर होत होता.

बिचाऱ्याने काय नाही केलं? खरखरीत हातांना खोबरेल चोळलं. टोचत असेल म्हणून मिशी उतरवली, तर आई देवकाबाई कडाडली, "तुहा बाप जित्ता हाये नं रे! मिशी काहून काढली?" पोर रडायची ती रडलीच.

दुपारी रत्ना पोरीला मागाजवळ निजवून विहिरीवर गेली. पोर कुरकुरू लागली. हात लावायची हिंमत होईना, म्हणून घनश्याम आपला विणत बसला. आडव्या सुताचा धोटा डावीकडून उजवीकडे, खट्ट! उजवीकडून डावीकडे, खट्ट! कुरकुर थांबली. पोरीचे डोळे धोट्याबरोबर इकडून तिकडे पळत होते.

घनश्याम उडी मारूनच मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर आला. दोन बोटांचा धोटा केला आणि तिच्या डाव्या काखेतून पोटावरून उजव्या काखेत सोडला. "खट्ट!"

पोरीचा ओठ थरथरला. आता रडते! त्याने धोटा परत फिरवला. "खट्ट!"

आणि पोर खिदळली! पाय असे झाडू लागली, जणू तीच माग चालवतेय.

"हासली! रत्ने, हासली वो माय!" घनश्याम आनंदाने ओरडला. रत्ना बादली विहिरीत टाकून धावत आली.

दुसऱ्या दिवशी एकोडीकडे नेणाऱ्या साकोलीच्या बसमध्ये तेजरामच्या मांडीवरून पोरीने खिडकीतून खाली उभ्या बापाला पाहिलं. दोन्ही हात वर केले, काखा उघड्या केल्या आणि वाट पाहू लागली.

"जवाईबापू, हे काय मांगून राहिली?" तेजराम चक्रावला.

कंडक्टरने घंटी दिली. डोक्यात सुताचे तंतू, पायात चप्पल नाही, तसाच घनश्याम धावत्या बसमध्ये चढला.

"सरक गा तेजराम. साडी होत राहीन."