निळ्या पुडीचं वजन

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे आजारी माणसं, मागे त्यांचे नातेवाईक आणि मंचावर निळेबाबा. बाबा रोग्याच्या तळहातावर चिमूटभर पांढरं भस्म ठेवत आणि त्यालाच त्यावर थुंकायला लावत. बघता बघता भस्म निळंशार होई.

"दिसलं? रक्तातलं विष रंगून वर आलं! आता पोटातलं उपसू!" बाबा गरजत आणि निळ्या खड्यांचं पाणी पाजत. रोगी भडाभडा ओकला की टाळ्यांचा नुसता कडकडाट.

असल्याच टाळ्यांत एका घरातला थोरला भाऊ, दादा, तोही ओकला होता. कावीळ हटेना म्हणून त्याने डॉक्टरांची औषधं सोडली. मग दादाच्या पत्नी, वहिनी, रोज सकाळी बाबांच्या पुडीतला खडा पाण्यात विरघळवून त्याला देऊ लागल्या.

दादाची धाकटी बहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती भेटायला आली तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. लघवी जवळजवळ बंद झाली होती.

"वन्सं, विष निघतंय हो! आज तीनदा उलटी झाली," वहिनी म्हणाल्या. चेहऱ्यावर केवढा आनंद!

"वहिनी, ती पुडी द्या इकडे. आणि गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "पोटात नेमकं काय गेलंय? अंदाज नको."

धाकटीने तडक प्रयोगशाळा गाठली. रंगावरून मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटच्या खड्यांची, शंका होतीच, पण निळे क्षार काय, कितीतरी असतात. अमोनियाने द्रावण गडद निळं झालं, म्हणजे तांबं. बेरियम क्लोराइडने पांढरा साका बसला, म्हणजे सल्फेट. मग तिने पाच ग्रॅम खडे मुशीत तापवले. निळा रंग उडाला आणि उरली पांढरी भुकटी. बाबांचं भस्म! वजन भरलं तीन पूर्णांक दोन ग्रॅम. बाकीचं एक पूर्णांक आठ ग्रॅम पाणी उडून गेलं होतं. पाण्याच्या वजनाला तिने त्याच्या रेणुभाराने, अठराने, भागलं. भुकटीच्या वजनाला कोरड्या कॉपर सल्फेटच्या, एकशे साठने. दोन्ही भागाकार ताडून पाहिले: कॉपर सल्फेटच्या एका रेणूमागे बरोबर पाच रेणू पाणी, मोरचुदाच्या खड्यात असतं तेवढंच. मोरचूदच. पिकांवरची बुरशी मारायला फवारतात ते.

तिने फोनवर विषाचं नाव कळवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल बहुतेक. मूत्रपिंडांचं सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती भुकटी घेऊन धाकटी सरळ मंचावर चढली. फरशीवर चिमूटभर टाकली, वर नळाच्या पाण्याचे थेंब सोडले. डाग निळा झाला.

"बाबा, या फरशीलाही कावीळ झालीय का?"

"तुझ्या मनात पाप आहे, म्हणून..."

"पाप नाही, पाणी! कोरडं मोरचूद पाणी प्यायलं की निळं होतं. कुणाच्याही हातावर."

मागून एक म्हातारे उठले. "पण बाई, उलटी तर खरी होती ना?"

"खरी होती, आजोबा. यांनी पाजलेलं विषच शरीर बाहेर फेकत होतं."

धाकटीने आधीच कळवून ठेवलेल्या पोलिसांनी बाबांना नेलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. काहीजण तर जाताना आपली पुडी जपून खिशात घालून गेले.

दादा वाचला, पण मूत्रपिंडं गेली. आता यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यावं लागतं. शेजारी बसलेल्या वहिनी एकदा म्हणाल्या, "वन्सं, मी माझ्या हाताने पाजलं हो. एकदा तरी विचारायला नको होतं का?"

धाकटीने त्यांचा हात हातात घेतला.

विचारायचं एवढंच होतं: बाबा, तुमचं भस्म साध्या पाण्यात टाकून दाखवता? वाचकहो, तुम्ही तरी विचारा. आणि आपलं माणूस पेला तोंडाला लावायच्या आधी विचारा.