मापाची बंदूक

दुर्गेशने शनिवारी सकाळीच सांगून टाकलं, "मावशी, राग नका मानू. पण उद्याच्या सेमीफायनलले तुम्ही पुन्हा पयल्याच मेल्या, तर फायनलले तुमच्या जागी मी खालच्या मजल्यावरच्या पायलले घेईन."

दुर्गेश म्हणजे प्रेमलताबाईंच्या सुनेचा, रितिकाचा भाऊ, आणि मनीषनगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या मोबाइल गेमच्या टीमचा कॅप्टन. टीम चौघांची. तो, रितिका, शेजारची सोनिका आणि अठ्ठावन्न वर्षांच्या प्रेमलताबाई. महाल भागात तीस वर्षं ब्लाउज शिवून, गुडघ्यांपायी दुकान बंद करून त्या लेकाकडे राहायला आल्या होत्या. रिकामपणाने जीव नकोसा झाला तेव्हा सुनेनेच हा गेम शिकवला. आता संध्याकाळी हेडफोन लावून तासभर आरडाओरडा केल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. आणि तेच सुटायची पाळी आली होती.

"रितिका, मी कशी मरते ते मले दाखव बरं," त्या म्हणाल्या.

दोघींनी जुन्या खेळांची रेकॉर्डिंग काढली. प्रेमलताबाई चौदा वेळा मेल्या होत्या, त्यातल्या अकरा वेळा घरात शिरताना, दारातच. समोरचा गोळ्या झाडून मोकळा होई, तरी यांची बंदूक अजून वरच येत असे.

बंदूक दुर्गेशनेच सजवून दिली होती. होती एसएमजी, म्हणजे जवळून भराभर गोळ्या सोडणारी आटोपशीर बंदूक. पण कुठल्याशा चॅम्पियनचा व्हिडिओ पाहून त्याने तिला लांब नळी, दुर्बीण, सायलेन्सर, गोळ्यांचं भलं मोठं मॅगझिन, सगळं चढवलं होतं. नाकापेक्षा मोती जड!

प्रेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. हिरोइनचा फोटो घेऊन येणाऱ्या बायकांना त्या तीस वर्षं सुनावत आल्या होत्या की, बाई, फोटो तिचा, खांदा तुझा. आणि स्वतः मात्र दुसऱ्याच्या मापाची बंदूक घेऊन हिंडत होत्या. स्वतःचाच असा राग आला त्यांना!

दुपारभर त्यांनी गेममधल्या सरावाच्या मैदानात ट्रायल घेतली. एक वस्तू काढायची, दारातून शिरायचं, बघायचं. दुर्बीण गेली, सायलेन्सर गेला.

"आई, दुर्बीण काहून काढून राहिल्या?" रितिकाने विचारलं.

"मले दारातल्याले मारायचं हाय वं. त्याच्याकडं दुर्बिणीतून काय पाहू?"

खांद्याला टेकवायचा मागचा दांडा काढला तर नेम हलू लागला. तो मुकाट्याने परत लावला. मॅगझिन लहान केलं, कारण त्यांचं बोट तीन-तीन गोळ्या सोडून थांबायचंच. नळी आखूड केली, नेम धरायला एक लाल ठिपका ठेवला. बंदूक अशी झटकन वर यायला लागली की त्या मनाशीच हसल्या.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये ती बोडकी बंदूक पाहून दुर्गेशने डोकं धरलं. "मावशी, हे काय करून ठेवलं?"

"खेळ तू," प्रेमलताबाई म्हणाल्या.

शेवटच्या फेरीत दुर्गेश मेला, मग सोनिका. समोरचे दोघे उरले होते आणि एका दुमजली घरात दबा धरून बसले होते. रितिकाने खिडकीवर गोळ्या झाडून एकाला तिकडे वळवलं. प्रेमलताबाई सरळ दारातून आत घुसल्या. बंदूक डोळ्यांच्या आधी वर आली होती. तीन गोळ्या, पहिला आडवा. खिडकीजवळचा वळेपर्यंत आणखी तीन, आणि वर जास्तीच्या तीन. पडद्यावर विजयाची पाटी झळकली तशी रितिकाने सासूला कडकडून मिठी मारली. हॉलमधली पोरं खुर्च्या बडवायला लागली.

दुर्गेशने संध्याकाळच्या फायनलच्या डावपेचांचा कागद पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐका. घरात आधी मावशी शिरतील. आपण तिघं त्यांच्या मागून."

प्रेमलताबाईंना भलताच आनंद झाला. तरी त्या सोनिकाला दरडावून म्हणाल्या, "मागंच राह्य वं. माह्या पायात येऊ नको."